खापर हवेच्या ओपनरवर: डिचोलीतल्या एका वॉशिंग बेच्या दाराचं प्रकरण

डिचोली तालुक्यात मुख्य रस्त्याला लागून गाड्या धुण्याचं एक सेंटर आहे. पुढे उघड्यावर रॅम्प, मागे चिऱ्याच्या भिंतींची बंद वॉशिंग बे आणि तिला जोडून पॉलिश-कोटिंगची खोली. या पट्ट्यात खनिजाचे टिपर धावू लागले की उन्हाळ्यात तांबडी धूळ उडते, म्हणून बंद बेला दार हवंच. आधी तिथे विजेच्या मोटरवर चालणारं रोलिंग शटर होतं. साबणाचा फेस, प्रेशर पंपाचे तुषार आणि चार महिन्यांचा पाऊस, यात त्या मोटरचं जे व्हायचं ते झालं. आधी शटर टोकाला पोचलं की मोटर थांबवणारे लिमिट स्विच गंजले, मग वाइंडिंगमध्ये ओल शिरली.

मग मालकांनी ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या असलेलं, आडव्या तुकड्यांनी वळत छताखाली सरकणारं ओव्हरहेड दार घेतलं आणि त्यावर हवेचा ओपनर, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर दार उघडबंद करणारी यंत्रणा, बसवून घेतला. निर्णय चांगला होता. दारापाशी फक्त सिलिंडर आणि हवेच्या दोन नळ्या असतात. व्हॉल्व्ह आणि २४ व्होल्टचं कंट्रोल भिंतीपलीकडे कोरड्या खोलीत ठेवता येतं. कॉम्प्रेसर सेंटरमध्ये आधीपासून होताच. मार्चमध्ये काम झालं आणि उन्हाळाभर दार सुरळीत चाललं.

जूनच्या अखेरीला आम्हाला बोलावणं आलं. मालकांचं म्हणणं सरळ होतं: "ओपनर बदलून द्या. सकाळी दार उचलत नाही, दुपारी उडी मारतं, आणि लाईट गेली की आपोआप खाली येतं. चवथीच्या आधी सगळं सरळ झालं पाहिजे." गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात गाडी धुऊन घ्यायला रांग लागते, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. पण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार होते, आणि तिन्ही वेळा सिलिंडर बिचारा निर्दोष निघाला.

आधी रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दार ३.६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, वजन साधारण १३० किलो. हे वजन ओपनर उचलत नाही. दारावरच्या शाफ्टवर पीळ भरलेल्या दोन टॉर्शन स्प्रिंग असतात. त्यांचा पीळ ड्रम आणि केबलमधून दाराचं वजन तोलून धरतो. स्प्रिंग नीट लावलेल्या असतील तर ओपनर सोडवून दार हाताने कमरेपर्यंत उचलावं आणि सोडावं, ते तिथेच थांबतं. सिलिंडरचं काम फक्त घर्षणावर मात करून दार सरकवणं एवढंच. इथे ४० एमएम बोअरचा रॉडलेस सिलिंडर, म्हणजे रॉड बाहेर न काढता पिस्टनबरोबर बाहेरची गाडी सरकवणारा, छताखाली रुळासारखा बसवला होता. त्याची गाडी एका वाकड्या हाताने दाराच्या सगळ्यात वरच्या पट्टीला जोडलेली. ३ बार प्रेशरला असा सिलिंडर साधारण ३७७ न्यूटन, म्हणजे ३८ किलोच्या आसपास जोर लावतो. तोललेल्या दाराला तेवढा पुष्कळ होतो.

आम्ही गेलो तेव्हा हवेचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा ६ बारवर होता. दार जड चालायला लागलं की कुणीतरी तो पिळायचा, असं महिनाभर चाललं होतं. ६ बारला तोच सिलिंडर ७५ किलोच्या वर जोर लावतो. वरच्या पट्टीचा ब्रॅकेट वाकला होता, हाताच्या पिनचं भोक अंडाकृती झालं होतं. प्रेशर वाढवणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट उपाय आहे असं माझं मत आहे. तो लागू पडतो, म्हणूनच वाईट. दार चालतं, मूळ बिघाड झाकला जातो, आणि खाली येणारं दार माणसाला किंवा बॉनेटला दुप्पट जोराने दाबायला मोकळं होतं.

म्हणून पहिलं काम हवा बंद करण्याचं. लाइनवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की पुढची हवा बाहेर सोडणारा प्रकार असतो, तो इथे नव्हता. आम्ही तो आधी लावला. मग दार पूर्ण खाली असताना पिन ओढून ओपनर सुटा केला. दार वर असताना पिन कधी ओढू नये. स्प्रिंग कमजोर झाली असेल तर सगळं वजन एकदम खाली येतं.

सुटं दार हाताने उचलून पाहिलं तेव्हा पहिल्या तक्रारीचा अर्धा उलगडा तिथेच झाला. मासळीवाल्यांकडे असतो तसा आकड्याचा काटा खालच्या हँडलला अडकवून ओढला. सुरुवातीलाच २४ किलो लागले, आणि उजवी बाजू डावीच्या मागे राहत होती. मध्यावर उजवा रोलर कुरकुरायचा. टेपने मोजलं तर दोन्ही ट्रॅकमधलं अंतर खाली बरोबर होतं आणि वर १४ एमएमने कमी. उजवा उभा ट्रॅक आत झुकला होता.

का झुकला, ते हात लावताच कळलं. ट्रॅक चिऱ्याच्या भिंतीत १० एमएमचे फुलणारे फास्टनर ठोकून बसवला होता. काँक्रीटमध्ये असा फास्टनर पक्का धरतो. चिरा मऊ आणि भोकंभोकं असलेला दगड, फास्टनर फुलतो तसा आजूबाजूचा दगड चुरत जातो. उन्हाळ्यात कोरड्या भिंतीत ते धरून राहिले, पाऊस मुरल्यावर आणि दाराच्या रोजच्या हादऱ्यांनी सैल झाले. वरचा फास्टनर मी दोन बोटांनी फिरवला आणि मागून ओला तांबडा चुरा आला. कामावर असलेले साखळीचे मेस्त्री शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "चिऱ्यात हे धरत नाही हो. आम्ही गेटसुद्धा आरपार बोल्टावर टांगतो." दार बसवणाऱ्या बाहेरच्या टीमने त्यांना विचारलं असतं तर हा खर्च वाचला असता.

उपाय तोच केला, जरा वाढवून. दोन्ही बाजूंना १०० एमएमचे गॅल्वनाइज्ड सी-चॅनल उभे केले. खाली बेस प्लेट फरशीखालच्या काँक्रीटमध्ये, वर लिंटेलच्या आरसीसीत, आणि मध्ये भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागच्या बाजूला मोठ्या पट्ट्या दिल्या. ट्रॅक आता चॅनलवर बसतो, भिंतीवर त्याचा भार येत नाही. बोल्ट स्टेनलेसचे घेतले. डिचोली समुद्रापासून आत आहे, पण वॉशिंग बेमध्ये साबण आणि ओल मिळून साध्या बोल्टांची गत किनाऱ्यावर होते तशीच होते.

ट्रॅक सरळ झाल्यावर काटा १० किलोवर आला. उरलेलं स्प्रिंगकडे होतं. दोन्ही स्प्रिंगना थोडा पीळ दिल्यावर दार कमरेच्या उंचीला सोडलं तर जागचं हललं नाही, आणि काटा ६ किलोच्या आसपास स्थिर झाला. स्प्रिंगचं काम करताना तिथल्या एका पोराने मदतीला म्हणून पाना आणला होता. त्याला तिथून बाजूलाच केलं. पीळ भरलेल्या स्प्रिंगच्या टोकाला जो धातूचा कोन असतो, त्याच्या भोकांत त्याच मापाच्या दोन सळयाच घालायच्या असतात. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर निसटला तर हात, दात, जे समोर असेल ते जातं.

एवढ्यावर सकाळचा त्रास संपायला हवा होता, पण पूर्ण संपला नाही. दार आता उचलायचं, पण पहिल्या दोन-तीन वेळा अडखळत. थोडं सरकायचं, थांबायचं, मग झटक्याने पुढे जायचं. दुपारची उडी ती हीच. आता हवेकडे वळलो.

फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची वाटी एकत्र असलेल्या संचाला एफआरएल म्हणतात. त्यातल्या फिल्टरच्या वाटीत पाणी काठोकाठ होतं. फिल्टरची वाटी भरली की ती पाणी अडवत नाही, पुढे पाठवते. तेलाच्या वाटीत काळपट घट्ट तेल होतं. सेंटरमध्ये सुटं इंजिन ऑइल पडलेलं असतं, त्यातलंच कुणीतरी ओतलेलं. सिलिंडरच्या लाइनला आयएसओ व्हीजी ३२ सारखं पातळ तेल लागतं. सिलिंडर कारखान्यातून ग्रीस भरूनच येतो आणि मुळात त्याला तेलाची गरज नव्हती. एकदा तेल सोडायला सुरुवात केली की ते ग्रीस धुऊन जातं आणि मग तेल सोडतच राहावं लागतं. इथे इंजिन ऑइल आणि पाणी मिळून दुधी चिकट गाळ झाला होता. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवर आवाज कमी करायला जे सायलेन्सर असतात, त्यांच्या बारीक छिद्रांत हा गाळ बसला होता. बाहेर पडणारी हवाच अडली तर सिलिंडर कितीही प्रेशरला हळूच जाणार. तपासणीची सोपी रीत अशी: सायलेन्सर हाताने सोडून दार चालवून पाहायचं. वेग लगेच सुधारला तर दोष तिथे. इथे सुधारला.

पण हे पाणी आलं कुठून, हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात त्याच लाइनमध्ये ते का नव्हतं?

हिशेब करून पाहावा असा आहे. ३० अंशांना हवा प्रत्येक घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरते. आषाढात आर्द्रता ९० टक्के धरली तर आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटरमध्ये २७ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर ७ बारपर्यंत दाबतो, म्हणजे वातावरणाचा एक बार मिळवून आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये बसते. त्या एका घनमीटरला, पुन्हा ३० अंशांना थंड झाल्यावर, ३० ग्रॅमच धरता येतात. आठ घनमीटरमधून सुमारे २१६ ग्रॅम आत आले, ३० राहिले, बाकीचं सगळं पाणी होऊन पडलं. सेंटरचा कॉम्प्रेसर १० सीएफएमचा, म्हणजे तासाला साधारण १७ घनमीटर हवा ओढणारा. सलग तासभर चालला तर त्यातून जवळजवळ ४०० मिली पाणी पडतं. दिवसात अर्धा वेळ जरी चालला तरी संध्याकाळपर्यंत दीड लिटरच्या बाटलीएवढं होतं. गंमत म्हणजे दाराला हवा फारच थोडी लागते. एका वेळी वर जायला सिलिंडरमध्ये चारेक लिटरची जागा भरते, ३ बारला मोकळ्या हवेच्या हिशेबाने १६ लिटर. खरी हवा खातात त्या फोमच्या टाक्या आणि ब्लोअर गन, आणि त्यांच्यामुळे आलेलं पाणी दाराच्या वाट्याला जातं.

त्यात कॉम्प्रेसर ठेवला होता वॉशिंग बेच्या भिंतीला चिकटून, पत्र्याच्या पडवीत, जिथे गरम पाण्याने इंजिन धुताना वाफ जमते. तो तीच वाफ ओढायचा. टाकीखालचा ड्रेन कॉक बसवल्यापासून कुणी उघडला नव्हता. आम्ही टाकीतलं प्रेशर उतरवून तो सोडवला तेव्हा बादलीत तांबूस, तेलकट पाणी पडत राहिलं. मालक बघत होते. म्हणाले, "टाकीत एवढं पाणी होतं तर हवा कुठे राहायची?" बरोबर प्रश्न. टाकीचा तळ पाण्याने व्यापला की हवेचा साठा कमी होतो आणि कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होतो.

पाईप टाकण्यातही चूक होती. मुख्य लाइन सपाट, आणि दाराची शाखा तिच्या खालच्या बाजूने काढलेली. पाईपच्या तळाला जमलेलं पाणी सगळ्यात आधी दाराच्या लाइनमध्ये उतरणार हे उघड आहे. रात्री लाइन थंड होते, वाफेचं पाणी तिथेच बसतं, आणि सकाळचा पहिला झोत ते सिलिंडरमध्ये ढकलतो. पाण्याने ग्रीस धुतलं की सील कोरडी घासते, सुरुवातीला जास्त जोर लागतो, सुटली की सिलिंडरची गाडी पुढे उडते. सकाळचं उरलेलं अडणं आणि दुपारी उडी मारणं यामागे एकच गोष्ट होती.

कॉम्प्रेसर पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि हवा ओढण्याचं तोंड बाहेर, पावसाच्या आड, उंचावर काढलं. टाकीला ऑटो ड्रेन लावला. मुख्य लाइनला शंभराला एक असा उतार दिला, तिच्या शेवटी खाली उतरणारा तुकडा आणि ड्रेन कॉक. दाराची शाखा आता लाइनच्या वरच्या बाजूने निघून हंसाच्या मानेसारखी वळून खाली येते. सिलिंडर उघडून साफ केला, नवीन ग्रीस भरलं, तेलाची वाटी काढूनच टाकली. नळ्यांमध्ये दोन जुन्या पीयू (पॉलियुरेथेन) नळ्या पांढुरक्या आणि ठिसूळ झाल्या होत्या. काही पीयू दमट उष्णतेत असाच खराब होतो, म्हणून त्या जागी नायलॉनच्या टाकल्या.

रेफ्रिजरेटेड ड्रायर लावा, असंही आम्ही सुचवलं. तो हवा ३ अंशांच्या आसपास थंड करून पाणी आधीच पाडतो, म्हणजे पुढे लाइनमध्ये पाणी सुटत नाही. फिल्टर फक्त सुटं पाणी अडवतो, वाफ नाही, हा फरक मालकांना पटवायला वेळ लागला. किंमत ऐकून ते म्हणाले, "चवथीनंतर बघू." मला ते अवाजवी वाटलं नाही. उतार, ड्रेन आणि जागा बदलल्यावर फिल्टरच्या वाटीत जे येतं ते आता थोडं आहे. सेंटरमध्ये रंगाची गन चालवायची असती तर मात्र मी ड्रायरशिवाय काम सोडलं नसतं.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर होती, आणि मालक ती सगळ्यात हलकेपणाने सांगत होते. लाईट गेली की दार खाली येतं. पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही, त्यामुळे ही गोष्ट अनेकदा झाली होती. एकदा खालच्या रबराची कड एका गाडीच्या डिकीवर टेकली, पण ओरखडा पुसून गेला, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

कारण व्हॉल्व्ह उघडल्याशिवायच सांगता आलं. बसवलेला व्हॉल्व्ह ५/२, म्हणजे हवेची पाच तोंडं आणि दोन स्थिती असलेला, होता, एक कॉइल आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. कॉइलला करंट असेल तोवर दार वर राहायचं. करंट गेला की व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला "दार बंद" या बाजूला ढकलायची. विजेचं काम तिथेच संपायचं, पण टाकीत हवा भरलेली असायची. दार सगळा जोर लावून खाली यायचं, तेही मध्ये काही आलं की दार परत फिरवणारा फोटो सेन्सर बंद असताना. त्यात रेग्युलेटर ६ बारवर. हवेचा ओपनर लाईट गेल्यावर आपोआप थांबतो असं बरेच लोक धरून चालतात. टाकी भरलेली असेपर्यंत तो अजिबात थांबत नाही. तो कुठे जाईल हे व्हॉल्व्हची स्प्रिंग ठरवते.

आम्ही तीन स्थितींचा ५/३ व्हॉल्व्ह लावला, मधल्या स्थितीत सिलिंडरच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडणारा. करंट गेला की तो मध्यावर येतो, दोन्हीकडची हवा निघून जाते, तोललेलं दार जिथल्या तिथे थांबतं आणि पिन न ओढताही हाताने वर-खाली करता येतं. हा व्हॉल्व्ह स्प्रिंग नीट तोललेल्या दारालाच चालतो. आधीच्या अवस्थेतल्या दाराला तो लावला असता तर लाईट जाताच दार आपल्या वजनाने उतरलं असतं. म्हणून कामाचा क्रमही महत्त्वाचा होता: भिंत, मग स्प्रिंग, मग व्हॉल्व्ह.

या व्हॉल्व्हला स्वतःची एक खोड आहे. दाराचा वेग सिलिंडरमधून बाहेर पडणारी हवा आवळून धरणारे कंट्रोल ठरवतात. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्यावर आवळायला समोर हवाच नसते. त्यामुळे लाईट परत आल्यानंतरच्या पहिल्या वेळी दार सुसाट निघतं. ते टाळायला लाइनमध्ये सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह टाकला. तो सुरुवातीला हवा थेंबाथेंबाने भरतो आणि प्रेशर पुरेसं झालं की पूर्ण उघडतो. लाईट आली म्हणून दार स्वतःहून हलू नये, बटण पुन्हा दाबल्यावरच चालावं, हेही कंट्रोलमध्ये घातलं. दार टोकाला पोचलं तरी त्या बाजूची कॉइल चालूच ठेवतो, म्हणजे एरवी समोरच्या बाजूला हवेची उशी राहते.

खालच्या रबरात हवेचा झटका ओळखणारी कड बसवली. रबर दाबलं की आतल्या नळीतली हवा एका छोट्या स्विचला ढकलते आणि दार उलटं वर जातं. ओल्या जागी विजेच्या पट्टीपेक्षा हे बरं पडतं. फोटो सेन्सर गुडघ्याच्या खाली होता. तिथे त्याला फेस लागायचा आणि दार उगाच परत फिरायचं, म्हणून पोरांनी तो कापडाने झाकून ठेवला होता. आम्ही तो थोडा वर आणि बेच्या बाहेरच्या बाजूला घेतला, त्यावर झडप दिली. कापड काढल्यावर दोन दिवसांनी पुन्हा कुणी लावलं नाही ना, ते फोन करून विचारलं.

शेवटी प्रेशर. ३ बारपासून सुरू करून खाली आणत गेलो. २.५ बारला दार पूर्ण वेगाने वर जातं आणि बंद होताना जाड स्पंजचा ठोकळा मध्ये धरला तर त्याला दाबून परत फिरतं. २.५ वर रेग्युलेटरला कुलूप लावलं आणि किल्ली मालकांच्या गल्ल्यात ठेवली. ऑपरेटर पोरगा नाराज होता. "पात्रांव, मग अडकलं तर काय करायचं?" असं त्याने मालकांनाच विचारलं. अडकलं तर हवा बंद करून, दार पूर्ण खाली असतानाच पिन ओढून हाताने उचलून पाहायचं. जड लागलं तर आम्हाला फोन, हलकं लागलं तर फिल्टरची वाटी आणि सायलेन्सर बघायचे. एवढं त्याला दाखवून ठेवलं आहे.

चवथीची रांग दाराने निभावली. एक गोष्ट अजून बाकी आहे, आणि तीही स्प्रिंगचीच. या दाराला साध्या, १० हजार फेऱ्यांच्या स्प्रिंग आहेत. दिवसाला ३० गाड्या धरल्या आणि प्रत्येक गाडीला आत येताना आणि बाहेर जाताना दार उघडलं, तर रोजच्या ६० फेऱ्या होतात आणि ते आयुष्य साडेपाच महिन्यांत संपतं. घराच्या गॅरेजचं दार याच स्प्रिंगवर वर्षानुवर्षं चालतं, वॉशिंग सेंटरचं चालणार नाही. मार्चपासूनचा हिशेब करता त्या कधीही तुटू शकतात. एक तुटली की दार एकदम जड होईल, २.५ बारला सिलिंडर ते उचलणार नाही, आणि कुणीतरी गल्ल्यातली किल्ली मागेल. २५ हजार फेऱ्यांच्या स्प्रिंगची ऑर्डर दिली आहे, स्प्रिंग तुटल्यास शाफ्ट अडवणाऱ्या सुरक्षा ब्रॅकेटसह. त्या आल्या की दसऱ्याच्या गर्दीआधी बदलायच्या आहेत.